कोटिंगचा चष्मा: धुवायचा कसा, जपायचा कसा

रात्री खानापूर रोडवरून गाडी चालवताना समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसायला लागले की बहुतेकांना वाटतं, नंबर वाढला. मग डोळे तपासायला जायचं, नंबर तोच निघतो, आणि तपासणारा चष्मा उजेडात धरून म्हणतो, "अहो, भिंगं बघा की तुमची!" भिंगांवर बारीक ओरखड्यांचं जाळं झालेलं असतं. प्रकाश त्या जाळ्यात विखुरतो आणि दिवा आहे त्याच्या दुप्पट मोठा दिसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूला राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच कोटिंगचा चष्मा घेतलेल्या माणसांसाठी हे लिहितोय. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीच्या कामाला आहे. पृष्ठभाग, ओरखडे, मायक्रॉन हा माझा रोजचा विषय. चष्म्याच्या बाबतीत मात्र दुकानदार एक सांगतो, घरात दुसरं सांगतात आणि कट्ट्यावर तिसरंच. त्यातलं जे पारखून खरं निघालं तेवढंच खाली दिलंय.

सगळ्याचा गाभा एका ओळीत येतो: भिंगाला ओरखडा पाडते ती धूळ, आणि फडकं ती धूळ फिरवायचं काम करतं. म्हणून आधी पाणी, मग बोट, फडकं सगळ्यात शेवटी.

भिंग कशाचं असतं, एवढं आधी बघू

आजोबांच्या काळातला चष्मा खऱ्या काचेचा होता. धोतराच्या सोग्याने पुसला तरी वर्षानुवर्षं चालायचा. तीच सवय घराघरात उतरली. आजची बहुतेक भिंगं प्लास्टिकची असतात. साध्या नंबरला सीआर-३९ नावाचं प्लास्टिक, पोरांच्या आणि रिमलेस चष्म्यांना बऱ्याचदा पॉलिकार्बोनेट, जास्त नंबर असेल तर १.६०, १.६७ किंवा १.७४ इंडेक्सचं पातळ भिंग. इंडेक्स म्हणजे भिंग प्रकाश किती वळवतं त्याचा आकडा. वजनाला हलकी, पडली तरी सहसा फुटत नाहीत, पण काचेच्या मानाने फार मऊ. पॉलिकार्बोनेट तर इतकं मऊ की हार्ड कोटिंगशिवाय ते वापरताच येत नाही.

म्हणून त्यावर थर चढवतात. आधी हार्ड कोट, जाडी जेमतेम दोन ते पाच मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्याच्यावर झगमग कमी करणारं कोटिंग, ज्याला दुकानात एआरसी किंवा अँटिग्लेअर म्हणतात. धातूंच्या आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडचे हे अनेक पातळ थर निर्वात पेटीत बसवतात, आणि सगळे मिळून अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासही जेमतेम पोचतात. सर्वांत वर पाणी आणि तेल न धरणारा एक थर, तो तर काही नॅनोमीटरचाच.

एवढा खटाटोप कशासाठी? १.५० इंडेक्सच्या साध्या भिंगाच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही बाजू धरून ८ टक्के. १.६७ च्या भिंगात हा तोटा १२ टक्क्यांच्या घरात जातो. अँटिग्लेअरमुळे तो एकदोन टक्क्यांखाली येतो. रात्री गाडी चालवणाऱ्याला आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. पण याच कोटिंगमुळे बोटाचा डागही ठसठशीत दिसतो, आणि तो दिसला की हात आपसूक शर्टाच्या टोकाकडे जातो. खरं नुकसान तिथे सुरू होतं.

१. दुकानातून बाहेर पडण्याआधी

गणपत गल्लीत घ्या, टिळकवाडीत घ्या नाही तर कोल्हापूरला जाऊन घ्या, या गोष्टी हातात घेऊनच निघा:

– पक्कं बिल. त्यावर भिंगाची कंपनी, इंडेक्स आणि कोटिंगचं नाव लिहून घ्या. नुसतं "लेन्स एआरसी" लिहिलेलं बिल पुढे काही कामाचं नाही.
– नंबराचा कागद. मूळ आपल्याकडे ठेवा, दुकानात झेरॉक्स द्या.
– भिंगाचं कार्ड किंवा पाकीट, कंपनी देत असेल तर.
– वॉरंटी किती महिन्यांची आणि कशाची, हे बिलाच्या मागे का होईना, लिहून सहीसकट.

शेवटच्या मुद्द्यावर जरा अडून बसा. कोटिंग आपोआप सुटलं, पापुद्रा निघाला, तर ते बहुधा वॉरंटीत बसतं. ओरखडा बहुधा बसत नाही, कारण तो वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो. काही कंपन्या महागड्या कोटिंगवर ओरखड्याचीही एकदा बदली देतात. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

सीमाभागात आणखी एक भानगड असते. पोरगं पुण्यात, चष्मा तिथून ऑनलाइन मागवलेला, आणि तक्रार घेऊन वडील बेळगावातल्या दुकानात. इथला दुकानदार स्क्रू आवळून देईल, नाकपट्ट्याही बदलेल, पण दुसऱ्याच्या भिंगाची वॉरंटी तो कशाला अंगावर घेईल? लांबून घेणार असाल तर परत पाठवायची सोय आधी विचारा. बिल असूनही कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच भिंगातून लांबचं-जवळचं दोन्ही दिसणारा चष्मा घेतला असेल तर भिंगावर अगदी पुसट दोन खुणा असतात, गोल किंवा कंपनीचं चिन्ह, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. उजेडात तिरकं धरल्यावरच दिसतात. त्या ओरखडे नव्हेत. भिंग बसवणाऱ्यासाठी कोरलेल्या असतात आणि कायमच्या राहतात. नखाने किंवा रुमालाने त्या काढायच्या नादात लोक चांगलं भिंग घासून ठेवतात. पिवळ्या-पांढऱ्या शाईच्या खुणा राहिल्या असतील तर त्या मात्र दुकानातच पुसून घ्या.

२. लागणारं साहित्य

महाग काही नाही.

– मायक्रोफायबरची निदान दोन फडकी. एक वापरात, एक धुवून वाळलेलं.
– भांडी घासायचं पातळ लिक्विड. वडी चालत नाही. वड्यांमध्ये घासण्यासाठी खनिजाची पूड असते.
– कडक डबी. मखमली पिशवी डबीच्या आत ठीक आहे, एकटी उपयोगाची नाही.
– भिंगासाठीचा स्प्रे, बाहेर फिरणं जास्त असेल तर. बाटलीवर "कोटेड लेन्ससाठी" असं असावं.
– बारीक स्क्रूड्रायव्हर. हा ऐच्छिक. दुकानात स्क्रू बहुतेक ठिकाणी फुकट आवळून देतात.

हात धुवायचा साबण वापरायचाच असेल तर त्यात मॉइश्चरायझर नाही ना, हे बघा. असेल तर भिंगावर तेलकट साय राहते आणि ती घालवायला पुन्हा घासावं लागतं.

३. रोजची धुलाई

दिवसातून एकदा पुरते. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुताना चष्माही धुवायचा, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

अ) आधी आपले हात धुवा. हाताला तेल, पीठ, ग्रीस, तंबाखू, काहीही लागलेलं असेल तर ते भिंगावर चढतं. स्वयंपाक करता करता चष्मा धुतला तर मिरचीचा हात आधी भिंगाला आणि मग डोळ्याला, हे वेगळं सांगायला नको.

आ) नळाच्या साध्या, थंड पाण्याखाली चष्मा धरा आणि दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेकंद पाणी सोडा. या वेळी भिंगाला बोटसुद्धा लावायचं नाही. ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि नेमकी हीच भिंग वाचवते. कण पाण्याबरोबर निघून गेले की पुढे घासायला काही उरत नाही.

नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओता. आपल्याकडे बऱ्याच वस्त्यांत पाणी रोज येत नाही. टाकीत, बॅरलमध्ये साठवलेलं असतं आणि तळाशी गाळ बसलेला असतो. वरचं निवळ पाणी घ्या. पावसाळ्यात विहिरीचं आणि ओढ्याचं पाणी तांबडं होतं तेव्हा पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. तांब्याभर पाणी दोन भिंगांना भरपूर झालं.

इ) लिक्विडचा एकच थेंब, तोही बोटावर पाण्यात पातळ करून. बोटाच्या पेराने भिंगाच्या दोन्ही बाजू हलक्या हाताने चोळा. नख लागू देऊ नका. भिंग फ्रेमला जिथे टेकतं ती कड, नाकपट्ट्या आणि दांड्यांची कानामागची टोकं विसरू नका. घाम, खोबरेल आणि पावडर यांचा थर तिथेच साचतो. तोच घाम चढून भिंगाच्या कडेने कोटिंग सुटायला सुरुवात होते. धातूच्या नाकपट्टीभोवती हिरवट मळ दिसत असेल तर जुना मऊ टूथब्रश फक्त तिथे वापरा. ब्रश भिंगाला लावायचा नाही.

ई) पुन्हा पाणी सोडा, फेस पूर्ण जाईपर्यंत. आता चष्मा तिरका धरा. कोटिंगचा वरचा थर धड असेल तर पाण्याचे मणी होऊन ते घरंगळत जातात. पाणी पसरून चिकटून राहत असेल तर एक तर तेलकटपणा आहे, नाही तर तो थर झिजत चाललाय.

उ) हलकेच झटका. एका हाताने दांडी धरून जोरात झटकू नका, बिजागरी सैल होते. उरलेले थेंब स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्या, आणि मगच हळुवार पुसा. अथणी, रायबाग, गोकाकच्या बाजूला बोअरचं पाणी जड असतं. तिकडे चष्मा वाऱ्यावर वाळायला ठेवू नका, पाणी उडून जातं आणि क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. वाळलेले क्षार घासून काढताना ओरखडे पडतात. तिथे शेवटचं पाणी फिल्टरचं वापरावं.

पुसताना भिंगाच्या मागून अंगठ्याचा आधार द्या आणि त्याच बाजूची फ्रेम धरा. एक दांडी एका हातात आणि उलट्या बाजूचं भिंग दुसऱ्या हातात धरून पुसलं की नाकावरचा पूल पिळला जातो. रिमलेस चष्म्याचं भिंग तर स्क्रूच्या भोकापाशी तडकतं.

४. बाहेर असताना, पाणी नसताना

खरी परीक्षा इथे असते. बसची खिडकी उघडी, पुढे टिपर, आणि चष्म्यावर धुळीचा थर.

पहिला नियम: दिसतंय ना? मग राहू द्या. पुसायची घाई करू नका. नाहीच जमलं तर आधी फुंकर मारा किंवा चष्मा उलटा धरून फ्रेमवर बोटाने टिचकी द्या, म्हणजे सुटे कण पडतील. मग स्प्रे असेल तर दोन्ही बाजू भिजवून घ्या. स्प्रे नसेल तर पाण्याच्या बाटलीतून घोटभर पाणी भिंगांवर सोडा. त्यानंतरच फडकं, तेही दाब न देता, एका दिशेने. गोल गोल घासू नका. एखादा कण राहिलाच तर तो पूर्ण वर्तुळ कोरून ठेवतो.

तोंडाची वाफ सोडून पुसणं पूर्ण टाळावं असं मी म्हणणार नाही. भिंगावर नुसता बोटाचा ठसा असेल तर चालतं. धूळ असेल तर चालत नाही, कारण त्या ओलाव्याने कण वाहून जात नाहीत, नुसते चिकटून बसतात.

शर्टाचं टोक, पदर, गळ्यातला पंचा, कागदी नॅपकिन, वर्तमानपत्राचा तुकडा: यातलं काहीही नको. सुताचं कापड मऊ लागतं हे खरं, पण दिवसभर अंगावर असलेल्या कापडात रस्त्याची धूळ बसलेली असते. कागद लाकडाच्या तंतूंचा असतो. आमची आई इरकलीच्या पदरानेच पुसायची. तिला सांगून काही उपयोग झाला नाही, तेव्हा चष्म्याच्या दोरीलाच छोटं फडकं शिवून दिलं. आता पदराआधी हाताला ते लागतं.

५. फडकं

आठवड्याला लिक्विडने धुवा, चांगलं खळबळून सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, त्याचा मेणचट अंश भिंगावर उतरतो. फडकं खिशात सुटं ठेवू नका, डबीत ठेवा. जमिनीवर पडलं तर न धुता वापरू नका. मोबाइल आणि चष्मा यांना एकच फडकं नको. पावसाळ्यात ओलं फडकं बंद डबीत राहिलं की कुबट वास येतो.

६. आपल्याकडची धूळ कसली असते

हा भाग जरा सविस्तर देतोय. चष्म्याच्या डबीत जी सूचनापत्रिका येते ती लिहिणाऱ्याने खानापूर तालुका बघितलेला नसतो.

धुळीतला ओरखडे पाडणारा मुख्य गडी म्हणजे गारगोटी, म्हणजे सिलिका. मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर तिचा आकडा ७. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. प्लास्टिकचं भिंग तर कितीतरी खाली. म्हणजे भिंग आणि फडकं यांच्यामध्ये गारगोटीचे कण आले की तुमच्या बोटांखाली एमरी पेपर तयार झाला.

आता ही सिलिका कुठे कुठे असते ते बघा.

पश्चिमेकडे, जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात तांबडी माती. ती लोहामुळे तांबडी दिसते, पण तिच्यात गारगोटीचे बारीक कणही असतात. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल भिंगावर वाळतो, आणि वाळलेला चिखल खरवडणं म्हणजे सरळ भिंग खरवडणं. तो भिजवून मऊ करावा लागतो. मिनिटभर पाण्यात बुडवून ठेवलं तरी चालेल. भाताची मळणी सुरू झाली की तूस उडतं. भाताच्या तुसातही सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते हलकं दिसलं तरी निरुपद्रवी नाही.

पूर्वेकडे आणि कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या भागात हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या. त्यांची धूळ एक, आणि कारखान्याच्या धुराड्यातून येणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची काळी राख दुसरी. ही राख बोटाला मऊ लागते, म्हणून लोक बिनधास्त पुसतात. बगॅसच्या राखेत सिलिकाचं प्रमाण मोठं असतं. कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी हंगामात चष्मा दिवसातून दोनदा धुवावा.

निपाणीत तंबाखू. वखारीत काम करणाऱ्यांच्या चष्म्यावर येणारी पूड चिकट असते, कारण तंबाखूच्या पानावर राळेसारखा चिकट द्रव असतो आणि शेतातली वाळू त्यालाच धरून बसते. नुसत्या पाण्याने हे निघत नाही. आधी पाणी, मग लिक्विडचा पातळ फेस लावून अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा पाणी, आणि मगच बोट.

आमच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्रीची वाळू, म्हणजे जवळपास निव्वळ सिलिका. वर ग्राइंडरच्या ठिणग्या. ठिणगी भिंगावर पडली तर ती कोटिंग जाळून आत रुतते आणि टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहतो. त्यावर कोणताही उपाय नाही. ग्राइंडिंग, वेल्डिंग करताना चष्म्यावरून घालता येणारा संरक्षक गॉगल घाला. डोळ्यासाठी तो लागतोच. रोजचा नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे. कामावर जुना चष्मा आणि बाहेर नवा, अशी विभागणी आमच्याकडे बरेच जण करतात आणि ती शहाणपणाची आहे.

शहापूर-वडगावच्या मागांवरची रुई मात्र फारशी त्रास देत नाही. ती मऊ असते. तिच्याबरोबर मागाचं तेल येतं, तेवढं धुतलं की झालं.

आणि उत्सव. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर किंवा चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत भंडारा उधळला जातो, गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल. चष्मा काढून ठेवणं शक्य नसतं, कारण गर्दीत दिसायला तर हवं. घरी येईपर्यंत पुसू नका, आल्यावर थेट पाण्याखाली. हळदीने सिलिकॉनच्या नाकपट्ट्या पिवळ्या पडल्या तर त्या घासत बसू नका, बदलून घ्या. अगदी किरकोळ खर्च आहे.

७. उष्णता

ओरखड्याइतकंच मोठं नुकसान उष्णतेने होतं, पण ते कळत नाही. गरम झालं की प्लास्टिक वरच्या कोटिंगपेक्षा कितीतरी पट जास्त फुगतं. वरचा थर काचेसारखा ताठ, तो ताणला जातो आणि बारीक भेगा पडतात. चष्मा थंड झाला तरी भेगा राहतात.

म्हणून बंबातल्या कढत पाण्याने चष्मा धुवायचा नाही. आंघोळीला जाताना तो न्हाणीत बंबावर किंवा गीझरवर ठेवायचा नाही. उन्हात लावलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये बेळगावातही डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर सहज जातो. गाडीत ठेवायचाच असेल तर डबीत घालून सीटखाली, सावलीला.

स्वयंपाकघरात चुलीवर वाकून भाकरी भाजणाऱ्या बायका, गुऱ्हाळात काहिलीपाशी उभे राहणारे गुळवे, फरसाणाच्या कढईसमोरचे कारागीर यांना हा त्रास जास्त. भट्टीसमोरच्या कामाला जुना किंवा कोटिंग नसलेला साधा चष्मा ठेवा. अँटिग्लेअरचा तिथे उपयोगही नसतो.

८. हे लावू नका

काच पुसायचे निळे स्प्रे: बऱ्याच स्प्रेंमध्ये अमोनिया असतो, तो कोटिंगला मारक. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन: पॉलिकार्बोनेट खराब होतं आणि ॲसिटेट या प्लास्टिकची फ्रेम विरघळते. व्हिनेगर, लिंबू, ब्लीच, फरशीचं फिनेल: नको. हाताला लावायचं सॅनिटायझर: त्यातला जेल चिकट थर सोडतो आणि तीव्र अल्कोहोल वारंवार लागलं की वरचा थर झिजतो. पितळेची भांडी घासायची पूड, रांगोळी, चुलीतली राख: भांड्यांपुरती ठीक.

सेंट आणि केसांचा स्प्रे मारून झाल्यावर मग चष्मा चढवा.

टूथपेस्टचं वेगळं सांगायला हवं, कारण हा सल्ला मोबाइलवर फिरतच असतो. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा खडूची पूड असते, तिचं कामच घासण्याचं. कोटिंग नसलेल्या जुन्या काचेवर तिने काय व्हायचं ते होवो. कोटिंगच्या भिंगावर ती अँटिग्लेअरचा थर काढून टाकते, आणि तोही ठिकठिकाणी कमीजास्त. आधी एक ओरखडा होता, आता तिथे चट्टा. खाण्याचा सोडा आणि गाडी पॉलिश करायची पेस्ट यांचीही तीच गत.

९. काढणं, घालणं, ठेवणं

दोन्ही हातांनी काढा. भिंगं वर करून ठेवा, पालथा घालू नका. शर्टाच्या खिशात पेनाबरोबर आणि पर्समध्ये किल्ल्यांबरोबर नको. डोक्यावर चढवू नका, केसांचं तेल लागतं आणि दांड्या फाकतात. हेल्मेट घालताना आधी चष्मा काढा, हेल्मेट घाला, मग काचेच्या फटीतून दांड्या सरळ आत सरकवा. रात्री उशाला नको.

१०. ओरखडा दिसला तर

घाबरून घासायला लागू नका. आधी तो नक्की काय आहे ते ओळखा. चष्मा स्वच्छ धुवा, मागे काळं कापड धरा आणि ट्यूबलाइटच्या उजेडात भिंग तिरकं करत बघा.

एखाददुसरी सरळ रेघ असेल तर तो ओरखडा. बाहुलीसमोर नसेल तर दुर्लक्ष करा. असंख्य बारीक रेघा गोलाकार फिरताना दिसत असतील तर तो कोरड्या पुसण्याचा हिशेब आहे. सगळ्या भिंगभर बारीक भेगांचं जाळं दिसत असेल तर ते उष्णतेचं किंवा भिंगावर घट्ट आवळलेल्या फ्रेमचं काम. नवा चष्मा गरम जागी ठेवलेला नसताना असं झालं असेल तर बिल घेऊन दुकानात जा, ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. कडेला हिरवी-निळी झाक जाऊन पांढरट पट्टा दिसत असेल तर कोटिंग सुटतंय. तेही वॉरंटीत विचारा, आणि नखाने सोलून बघू नका. सोललेलं भिंग बघितलं की दुकानदाराला नाही म्हणायला निमित्त मिळतं.

दुकानात आवाजाच्या लहरींनी साफ करणारं छोटं यंत्र असतं. कोटिंग धड असेल तर त्यात थोडा वेळ घालायला हरकत नाही. भेगा पडल्या असतील किंवा पापुद्रा निघत असेल तर घालू देऊ नका, उरलेलं कोटिंगही सुटेल.

ओरखडा बुजवून कोटिंग पूर्ववत करून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. भिंग फ्रेमच्या मापाने कापल्यावर त्यावर नव्याने अँटिग्लेअर चढवून देण्याची सोय दुकानपातळीवर नसते. भिंग बदलणं हाच उपाय. फ्रेम चांगली असेल तर तीच ठेवून भिंगं घाला, मात्र ॲसिटेटची जुनी फ्रेम कोरडी पडून पांढुरकी झाली असेल तर ती भिंग बसवताना तुटू शकते, आणि ती जोखीम दुकानदार तुमच्यावर टाकतो. बदलायच्या आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचा नंबर बदलत राहतो, आणि जुन्याच नंबरची महाग भिंगं बसवून घेणं म्हणजे दुहेरी खर्च.

एकाच भिंगाला ओरखडा असेल तर एकच बदलता येतं. त्या वेळी बिलावरचं कंपनीचं आणि कोटिंगचं नाव लागतं, कारण वेगळ्या कोटिंगची झाक वेगळी असते, आणि एक डोळा हिरवा, एक निळा असा चष्मा समोरच्याला लगेच दिसतो. काढलेली जुनी भिंगं मागून घ्या. दुसऱ्या स्वस्त फ्रेममध्ये बसत असतील तर मळणीला, भट्टीला आणि ग्राइंडरपाशी तीच वापरा.